रोज अर्धा तास साधना : जप, हरिपाठ की श्वासावर ध्यान?

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

घरात देवपूजा, सणवार, गुरुवारचा उपास सगळं रीतसर चालतं. पण त्याने मन शांत राहतं असं काही म्हणवत नाही. अध्यात्म म्हणतात ते याच्यातच असतं की याच्या पलीकडे? आणि झोप, चिडचिड, उद्याची काळजी यांवर त्याचा खरोखर काही परिणाम होतो का? तत्त्वज्ञानाच्या लिंका नकोत, नेमकं सांगा.

मला रोज जेमतेम अर्धा तास मिळतो, तोही संध्याकाळी. त्यात जप करावा, हरिपाठ म्हणावा की नुसतं श्वासाकडे बघत बसावं? जपाला बसलं की दहाव्या मण्याला मन भाजीच्या पिशवीत जातं, नाहीतर डुलकी लागते. इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर थेट करावं का?

आणखी एक. सासूबाईंना (वय ६८) नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय मधुमेह आहे. नात्यातले दोघे-तिघे सांगतात की गोळ्या सोडा, नाम आणि एकादशी धरा. आता त्यांनाही तेच पटायला लागलंय. काय करावं?

---

टाळकरी

गोळ्यांबद्दल इथले डॉक्टर लिहितीलच. मी जप आणि हरिपाठापुरतं सांगतो.

दहाव्या मण्याला मन पळतं याचं नेहमीचं कारण म्हणजे पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात केलेला जप. जपाचे प्रकार तीन : वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही असा, आणि मानस. मानस जप श्रेष्ठ असं कुठेतरी वाचून लोक एकदम तिथूनच सुरुवात करतात. दिवसभर राबलेलं शरीर, मिटलेले डोळे, बंद तोंड, मग झोप नाहीतर विचार, दुसरं काय येणार? पहिले दोन-तीन महिने वाचिकच करा. स्वतःच्या कानाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, एवढाच आवाज. तो सहज जमला की उपांशु. मानस जपाची घाई नको, आणि पेंग यायला लागली की पुन्हा आवाजावर यायचं.

माळ १०८ मण्यांची, वर मेरुमणी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ धरून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट निघायचं. तर्जनीचं वगैरे संकेत आहेत, ते पाळायचे तर पाळा. पण मेरूपाशी थांबण्याचा व्यवहारात उपयोग आहे. डोळे न उघडता हाताला कळतं की एक फेरी झाली, आणि तेवढ्यात मन कुठे भटकत होतं हेही लक्षात येतं.

वेगाचा हिशोब सांगतो. 'रामकृष्णहरी' प्रत्येक अक्षर नीट उच्चारून म्हटलं तर एका माळेला चार मिनिटांच्या आसपास लागतात. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा त्रयोदशाक्षरी मंत्र असेल तर सात-आठ मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासात पहिल्याच्या सहा-सात माळा, दुसऱ्याच्या तीन-चार. यापेक्षा बऱ्याच जास्त होत असतील तर अक्षरं गिळली जातायत असं समजा. 'रोज एकवीस माळा करतो' म्हणणाऱ्याचा जप कधी कान देऊन ऐका, 'रामकिष्णरी रामकिष्णरी' ऐकू येईल. आकडा गाठायच्या नादात चिडचिड आणखी वाढते. म्हणून माळा ठरवू नका, वेळ ठरवा.

पण तुमची वेळ संध्याकाळची आणि घरात सासूबाई, तर माझं मत सरळ हरिपाठाला. माउलींचा हरिपाठ २७ अभंगांचा, काही छापील प्रतींत २८ सापडतील. नुसता वाचला तर पंधरा-वीस मिनिटं, चालीवर टाळ घेऊन ध्रुपदासकट म्हटला तर पाऊण तासही जातो. तोंडाला शब्द, हाताला टाळ, कानाला दुसऱ्याचा आवाज, त्यामुळे मनाला पळायला वाव कमी. सगळं एकदम पाठ करायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात पाच अभंग तोंडपाठ करायचे, बाकीचे वाचायचे. छोटी छापील पोथी घ्या, मोबाईलवर वाचू नका. तिसऱ्या अभंगाला व्हॉट्सॲपची टिकटिक झाली की बैठक संपलीच. जवळच्या देवळात महिला मंडळाचा हरिपाठ असेल तर आठवड्यातून एकदा तिथे जा. एकटीने म्हणताना चुकलेला उच्चार वर्षानुवर्षं तसाच राहतो, चारजणींत आठवड्यात सुधारतो.

अवांतर : नामाला सोवळंओवळं, काळवेळ, पाळीचे दिवस कसलीच आडकाठी नाही. कुणी अडवलंच तर ती त्या घराची रूढी. ती वारकरी संप्रदायाच्या माथी मारू नये.

---

निशा_मनोविकारतज्ज्ञ

गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे सासूबाईंच्या समोर, नातेवाईक हजर असतानाच सांगा.

कारणं नीट समजून घ्या, म्हणजे समजावताना बरं पडेल. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात. पूर्ण बरं वाटल्यावरही त्या निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार आधी उलटलेला असेल तर त्याहून जास्त. एकदम थांबवल्या की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, उडालेली झोप, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके, कारण नसताना रडू, असं होऊ शकतं. त्यावर घरचे म्हणतात, 'बघा, गोळ्यांची सवय लागली होती.' प्रत्यक्षात शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवली तर हा त्रास बराच टळतो.

दुसरा धोका जरा फसवा आहे. काही जणांना गोळ्या सोडल्यावर पहिले काही आठवडे बरंच वाटतं, कारण आधीच्या उपचाराचा फायदा अजून टिकून असतो. त्याचं श्रेय नामाला जातं. मग तीन-चार महिन्यांनी आजार परततो, तेव्हा मात्र 'माझीच श्रद्धा कमी पडली' म्हणून दोष पेशंट स्वतःकडे घेतो. नैराश्यात अपराधीपणा हे लक्षणच असतं, त्यात ही भर. नाम आणि गोळी यांच्यात भांडण लावायची गरजच नाही, दोन्ही चालू ठेवता येतात.

एकादशीचं म्हणाल तर आधी त्यांच्या मधुमेहाच्या गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामं राहिलं तर साखर झपकन खाली येते. घाम, हाताला कापरं, बडबड विसंगत. अशा वेळी उपास तिथेच मोडून साखरपाणी द्यायचं. उलट 'फराळाची' एकादशी केली तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, म्हणजे साखर वर. करायचीच असेल तर ताक, दही, मूठभर शेंगदाणे, काकडी आणि बेताची राजगिऱ्याची भाकरी असं थोडं थोडं दर तीन-चार तासांनी खावं, आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. निर्जळी तर नाहीच. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला उपासातून सूट शास्त्रानेच दिली आहे, हे टाळकरींनी सांगितलं तर माझ्यापेक्षा लवकर पटेल. त्यांच्या औषधांत लिथियम असेल तर मीठ-पाण्यात अचानक फरक करायचा नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही त्याची चिन्हं.

आता त्यांनी काय करावं ते. नैराश्य अंगावर असताना माणसाला एकट्याने डोळे मिटून बसवलं की तेच ते विचार फिरत राहतात, आणि अर्ध्या तासाने तो जास्त खचून उठतो. त्यांच्यासाठी साधना आवाजी, डोळे उघडे ठेवून आणि कुणाच्या तरी सोबतीने असावी. हरिपाठ चालेल, भजन चालेल, देवळापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालत जाऊन येणं तर फारच चांगलं. पहाटे चारला उठायचा नेम मात्र लावू नका. ज्यांना कधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे त्यांच्यात झोप तोडली की झटका पुन्हा येऊ शकतो, आणि तेव्हाचा उत्साह घरच्यांना 'साक्षात्कार' वाटतो.

परिणाम होतो का, या तुमच्या मूळ प्रश्नावर. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींमुळे तो मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके, रक्तदाब यांचा ताल सुधारला. एरवी बसल्याजागी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे संथ, लयीतल्या उच्चाराने शरीर निवतं, मग भाषा कुठलीही असो. टाळकरींनी अक्षरं गिळू नका म्हटलं त्याचं शरीरशास्त्र हे. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, साधारण साडेतीन हजार माणसांवरचा. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत फायदा दिसला, पण बेताचा. व्यायाम, औषधं किंवा समुपदेशन यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. एवढी अपेक्षा ठेवून बसलात तर निराश होणार नाही.

सासूबाई 'आता देवाने उचललं तर बरं' असं वारंवार म्हणायला लागल्या, जेवण सोडलं, किंवा निरवानिरवीची भाषा आली, तर ते वैराग्य समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

---

आनापान

इगतपुरीबद्दल. धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे रजा बारा दिवसांची टाका. फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेप्रमाणे दान. मोबाईल, पुस्तक, वही पहिल्याच दिवशी जमा.

पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसाला दहा तासांच्या घरात ध्यान. अकराला जेवण, नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा-फळं, त्यानंतर काही नाही. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन, खुणा आणि नजरानजरसुद्धा टाळायची. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावरच्या चिमूटभर जागेत श्वास जाणवत राहणं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना, म्हणजे अंगभर उमटणाऱ्या संवेदना नुसत्या बघणं, शिकवतात आणि तेव्हापासून रोज तीन बैठका तासभर न हलता. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी बॅग भरावीशी वाटते. तसं वाटलं तर गुपचूप फाटकाकडे न जाता सहायक आचार्यांना भेटायचं.

थेट जाता येतं, पूर्वानुभव लागत नाही. पण अर्जात मानसिक आजार आणि औषधांचा रकाना असतो, तो खोटा भरू नका. सासूबाईंना तर सध्या पाठवूच नये, डॉक्टरताईंनी कारण दिलंच आहे. शिबिरात जप, पूजा, उपास, गळ्यातले गंडेदोरे सगळं त्या दहा दिवसांपुरतं बाजूला ठेवायला सांगतात, कारण श्वासाला नाम जोडलं की लक्ष नामावर जातं आणि नुसतं जाणवणं सुटतं. ज्यांना हे खटकतं त्यांनी जाऊ नये, दोन्हीकडे अर्धवट होतं.

खरी अडचण घरी आल्यावर येते. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगितलेलं असतं, आणि तुमच्याकडे आहे अर्धा तास. बहुतेकांचं पंधरवड्यात सुटतं आणि मग अपराधी वाटतं ते वेगळंच. म्हणून आधी घरी आनापान करून बघा. दुमडलेली चादर किंवा घट्ट उशी ढुंगणाखाली, गुडघे कंबरेपेक्षा खाली टेकलेले. गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीची खुर्ची, तळवे जमिनीवर. दहा मिनिटांचा गजर. श्वास जसा आहे तसा, लांबवायचा नाही, मोजायचा नाही. मन गेलं हे कळलं की परत यायचं, स्वतःला रागवायचं नाही. नवख्यांकडून चूक होते ती इथे : श्वास 'चांगला' करायला जातात, छाती भरून घेतात, आणि पाच मिनिटांत डोकं जड होतं. तसं झालं तर दोन मिनिटं डोळे उघडून बसा. पायाला मुंग्या आल्या तर काळजी नाही, उठल्यावर जातात. पण गुडघ्यात टोचून कळ आली तर लगेच बैठक बदला, त्यात कसलं तप नाही.

---

निरीश्वर

मी देव मानत नाही, तरी या धाग्यावर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची एक प्रश्नावली आहे, ३२ प्रश्नांची, खास अध्यात्म-धर्म-श्रद्धा यांवर. त्यात आठ गोष्टी विचारतात : एखाद्या शक्तीशी जोडलेपण, जगण्याला अर्थ, विस्मय, मन-शरीर एकसंध वाटणं, आतलं बळ, मनःशांती, आशा आणि श्रद्धा. यातल्या निम्म्या-अधिक गोष्टी नास्तिकालाही लागू पडतात. धागाकर्तीने पूजा आणि अध्यात्म यांतला फरक विचारला होता. माझी फूटपट्टी ही : पूजा झाली की नाही हे घड्याळ आणि निरांजन बघून सांगता येतं, आणि अध्यात्माचं उत्तर घरातल्या इतर माणसांना विचारून मिळतं. तीन महिन्यांनी मुलांना विचारा, आई कमी ओरडते का? झोप लागायला किती वेळ लागतो? नको असलेल्या माणसाचा फोन आल्यावर मन किती वेळ खदखदतं? काहीच बदललं नसेल तर पद्धत बदला, किंवा सोडून द्या आणि संध्याकाळी फिरायला जा.

बुवा-ताईंच्या दारात गेलात तर पैसे, औषधं आणि एकांत या तीन गोष्टींवर नजर ठेवा. औषध बंद करायला सांगणारा, एकटीला भेटायला बोलावणारा, घरच्यांपासून तोडणारा दिसला की तिथून उठायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. गंमत म्हणजे त्याच कायद्यात हरिकथा, कीर्तन, भजन, यात्रा यांना स्पष्टपणे वगळलंय, पण हे विरोध करणाऱ्यांनी कितीदा वाचलं असेल देव जाणे. (होय, देव म्हटलं मी. सवय.)

---

मृण्मयी_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. गोळ्या चालूच राहतील, काल त्यांच्या डॉक्टरांशीही बोलणं झालं. हरिपाठ ठरवला, सासूबाई तयार आहेत. फक्त तीन शंका. दिवेलागणीला कुकर, मुलांचा अभ्यास आणि फोन एकदमच असतात, एखाद्या दिवशी चुकला तर? सासूबाईंची बोटं सांधेदुखीमुळे वळत नाहीत, माळ धरवत नाही, तर जपाचं काय? आणि मला श्वासाचंही करून बघायचंय, दोन्ही एकाच अर्ध्या तासात बसवू का?

---

आनापान

पहिले सहा महिने एकच. अर्धा तास दोघांत वाटलात तर कशाचाच अंदाज येणार नाही. फार तर रात्री अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटं श्वास, तोही झोप यावी म्हणून. त्याला साधना म्हणू नका.

---

टाळकरी

चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणायचा नाही, नेहमीइतकाच. दुपटीची थकबाकी चढायला लागली की चौथ्या दिवशी माणूस बसतच नाही. अगदीच गडबड असेल तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत उभ्याने पाठ झालेले पाच अभंग म्हणा, चालतं. वेळ घड्याळाला न बांधता दिव्याला बांधा. दिवा लावला की पहिला अभंग. डोंबिवलीत हिवाळ्यात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, एवढाच फरक पडेल.

आणि हो, निशाताई म्हणतात ते बरोबर. आजाऱ्याने एकादशी धरली नाही तर काही बिघडत नाही.

सासूबाईंना माळ नकोच. बोटांच्या पेरांवर मोजतात तेही सांधेदुखीत अवघड. वाटीत १०८ शेंगदाणे मोजून ठेवायचे, नाम घेतलं की एक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत. माळ सतत धरून ठेवावी लागत नाही. दाणे भाजलेले नकोत आणि खारेही नकोत, मधुमेहात एकेक तोंडात जातो. गुंजा मात्र अजिबात वापरू नका, विषारी असतात, घरात मुलं आहेत. चिंचोके सगळ्यात बरे, पण ते १०८ जमवायला पावशेर चिंच सोलावी लागेल.